पावसाची वही आणि तीन डेटाबेस

चंदगड तालुक्यात पाऊस किती पडतो, या प्रश्नाला एका आकड्यात उत्तर देता येत नाही. पश्चिमेकडची पारगड, इसापूर, हेरे ही गावे सह्याद्रीच्या माथ्यालगतची, आंबोलीच्या शेजारच्या मुलखातली. तिथे जुलैमध्ये दिवसचे दिवस उघडीप नसते. तिथून पूर्वेला कोवाड, कुदनूरकडे सरकावे तसा पाऊस भराभर कमी होत जातो. मधले अंतर फार तर तीस-चाळीस किलोमीटरचे. पण पश्चिमेला पडलेले पाणी ताम्रपर्णीतून पूर्वेला येते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ते कोवाडच्या बाजारपेठेत शिरले होते. म्हणजे कोवाडच्या माणसाला आपल्या अंगणात किती पडला यापेक्षा वरच्या अंगाला किती कोसळला, हे समजणे अधिक गरजेचे आहे.

एखाददुसऱ्या सरकारी पर्जन्यमापकावरून हा चढउतार नीट कळत नाही. शाळा मात्र गावोगाव आहेत. सरळ बाजूंची प्लॅस्टिकची बाटली, तेवढ्याच व्यासाचे नरसाळे, मिलिमीटरची पट्टी आणि एक वही एवढ्या सामग्रीवर कोणत्याही शाळेला पाऊस मोजता येतो. या भागातल्या काही शाळांच्या अशा वह्या एकत्र करण्याच्या कामात आम्ही काही काळ होतो. या लेखाचा विषय पाऊस नाही. त्या वह्यांतली माहिती संगणकावर नेमकी कशात ठेवावी, हा आहे.

हा प्रश्न आमच्या मनात आला तो एका शून्यामुळे. एका शाळेच्या संगणकावरून आलेल्या यादीत जुलैच्या ऐन मध्यावर एका दिवसापुढे शून्य होते. आदल्या दिवशी १४० मिलिमीटर, दुसऱ्या दिवशी ९६ आणि मध्ये शून्य? मूळ वही काढून पाहिली. त्या दिवशीच्या रकान्यात मुलांनी अक्षरांत लिहिले होते, ‘भरून वाहिले’. बाटली दीडशे मिलिमीटर पावसाची. पाऊस त्याहून जास्त झाला, तेव्हा मुलांनी जे दिसले ते लिहिले. टंकणाऱ्यानेही तेच टंकले. पण आकड्याच्या रकान्यात अक्षरे आली म्हणून नोंदीच्या आज्ञावलीने त्याचे शून्य केले आणि कुणाला काही सांगितले नाही. आठवड्यातला सर्वांत ओला दिवस कोरडा ठरला.

‘सोपी आज्ञावली कोणती?’ असे शिक्षक आम्हांला नेहमी विचारतात. पहिल्या दिवशी सोपी की पाचव्या वर्षी सोपी, असे त्यांना उलट विचारावे लागते. या दोन सोपेपणांत कधी कधी वैर असते.

जनरल रजिस्टर आणि कॉड यांचे तक्ते

डेटाबेस कशाला, साध्या स्प्रेडशीटमध्ये हे काम होणार नाही का? एका शाळेचे, एका वर्षाचे काम होते. तिथे स्प्रेडशीटच वापरावी. दहा शाळा आणि पाच वर्षे झाली की अडचणी सुरू होतात. प्रत्येक ओळीत गावाचे नाव पुन्हा लिहावे लागते. मग कुठे ‘तुर्केवाडी’, कुठे ‘तुर्केवाडि’, तर कुठे नावापुढे एक रिकामी जागा पडते. आपल्या डोळ्यांना हे एकच गाव. यंत्राला ती तीन गावे दिसतात.

शाळेच्या कचेरीत यावरचा उपाय फार पूर्वीपासून आहे. विद्यार्थ्याचे नाव, जन्मतारीख, आधीची शाळा हे सारे जनरल रजिस्टरमध्ये एकदाच लिहितात आणि त्याला एक क्रमांक देतात. दाखल्यावर आणि इतर कागदांवर तोच क्रमांक येतो. नावाची दुरुस्ती निघाली तर ती रजिस्टरमध्ये एका जागी करायची. पावसाच्या नोंदींचेही असेच करता येईल. एक तक्ता शाळांचा, त्यात क्रमांक, गाव आणि बाटलीची क्षमता. दुसरा तक्ता मोजणीचा, त्यात शाळेचा क्रमांक, तारीख आणि मिलिमीटर. दोन्ही तक्ते क्रमांकावर जुळवले की हवी ती यादी मिळते.

हीच कल्पना आयबीएमच्या ई. एफ. कॉड यांनी १९७० साली गणिताच्या भाषेत मांडली. माहिती साध्या तक्त्यांत ठेवावी. तक्त्यांतले दुवे कुठल्या आतल्या खुणांनी न जोडता तक्त्यांतल्या मूल्यांनीच जोडावेत. आणि काय हवे एवढेच माणसाने सांगावे, ते कसे शोधायचे हे यंत्राने ठरवावे. अशा डेटाबेसला ‘रिलेशनल’ म्हणतात. या शब्दाने पुष्कळांची समजूत होते की तक्त्यांमधल्या नात्यांवरून हे नाव पडले. तसे नाही. संच शिकवताना आपण क्रमित जोड्या, कार्टेशियन गुणाकार आणि त्यानंतर ‘संबंध’ शिकवतो, तोच हा संबंध. एक तक्ता म्हणजे एक संबंध. तो संच असल्यामुळे त्यातल्या ओळींना मुळात क्रम नसतो. यादी क्रमाने हवी असेल तर तसे मागावे लागते. नवशिक्याला हे पहिल्यांदा विचित्र वाटते. गणिताच्या शिक्षकाला वाटू नये.

असे तक्ते सांभाळणाऱ्या आणि त्यांना प्रश्न विचारण्यासाठी एसक्यूएल ही भाषा वापरणाऱ्या आज्ञावल्या अनेक आहेत. काहींना भारी किंमत मोजावी लागते. ज्यांचा मूळ पाठ कुणालाही वाचता आणि वापरता येतो, अशा मुक्त आज्ञावल्यांपैकी तीन शाळेच्या कामाच्या आहेत : एसक्यूएलाइट, मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेसक्यूएल. शेवटच्या नावाला सगळे पोस्टग्रेसच म्हणतात, आपणही तेच म्हणू. तिन्हींसाठी शाळेला एक पैसाही द्यावा लागत नाही.

पहिला तास

पहिल्या तासाच्या शर्यतीत एसक्यूएलाइट सहज पुढे असते. रिचर्ड हिप यांनी ती २००० साली लिहिली. अमेरिकी नौदलाच्या एका युद्धनौकेवरच्या कामात त्यांना असा डेटाबेस हवा होता, जो चालवायला वेगळा सर्व्हर आणि वेगळा व्यवस्थापक लागणार नाही. त्यामुळे इथे सर्व्हर नाही, परवलीचा शब्द नाही. सगळा डेटाबेस म्हणजे एक फाइल. काम बंद असताना ती पेनड्राइव्हवर उतरवून घेतली की प्रत झाली. खिडक्या आणि बटणांतून काम करायचे असेल तर ‘डीबी ब्राउझर’ नावाची फुकट आज्ञावली मिळते. आपल्यापैकी प्रत्येकजण नकळत एसक्यूएलाइट वापरतोच. अँड्रॉइड फोनमध्ये ती असते, आणि त्या फोनवरचे व्हॉट्सॲपचे संदेशही तिच्याच फाइलीत साठतात.

मायएसक्यूएल १९९५ सालची, स्वीडनमधली. तिचे एक कर्ते मायकेल विडेनियस यांच्या मुलीचे नाव ‘माय’, त्यावरून हे नाव आले. मराठी माणसाला आईच आठवते, पण तो योगायोग. संकेतस्थळांच्या पहिल्या लाटेत ती सर्वत्र पसरली, कारण ती वेगवान होती, उभी करायला सोपी होती आणि चूक झाली तरी फारशी कुरकुर करत नसे. २००८ मध्ये सन कंपनीने ती घेतली आणि २०१० मध्ये सनच ओरॅकलकडे गेली. त्या सुमारास विडेनियस यांनी त्याच मूळ पाठावरून ‘मारियाडीबी’ नावाची वेगळी शाखा काढली. मारिया ही त्यांची धाकटी मुलगी. शाळा-महाविद्यालयांत लोकप्रिय असलेला झॅम्प हा संच आपण बसवतो तेव्हा फलकावर मायएसक्यूएल असे दिसते, पण आत २०१५ पासून मारियाडीबी आहे. मराठी विकिपीडियावरचा लेख आपण उघडतो तोही मारियाडीबीतूनच येतो. या दोन बहिणी अजून पुष्कळशा सारख्या आहेत, म्हणून इथे त्यांना तिसरे-चौथे न म्हणता एकच धरले आहे.

पोस्टग्रेसचा पहिला तास त्रासाचा असतो. ती विद्यापीठातून आली. कॅलिफोर्नियातल्या बर्कली इथे मायकेल स्टोनब्रेकर यांनी १९८६ मध्ये पोस्टग्रेस हा संशोधन-प्रकल्प सुरू केला. पुढे तिच्यात एसक्यूएल आली आणि १९९६ मध्ये आजचे नाव मिळाले. बसवताना सर्व्हर, वापरकर्ता, परवलीचा शब्द, कोणत्या संगणकावरून कुणाला प्रवेश, हे सगळे ठरवावे लागते. एखादा शिक्षक दुपारच्या सुट्टीत हे करायला बसला तर सुट्टी संपेल आणि एकही तक्ता झालेला नसेल. त्याने वैतागून ती सोडली तर आम्ही त्याला दोष देणार नाही. पण थोडे थांबून पुढची परीक्षा पाहावी.

तीच ओळ तिघींना

त्या वहीतल्या आठवड्यासारखे आकडे घेऊ. समजा सात दिवस असे आहेत : ६२, ८८, १४०, भरून वाहिले, ९६, ५४, ३०. मिलिमीटरचा रकाना आकड्याचा ठरवला आहे. आता ‘भरून वाहिले’ ही नोंद तिन्ही डेटाबेसना द्यायची.

पोस्टग्रेस ती घेत नाही. हा आकडा नव्हे, असे सांगून ती पूर्ण ओळ परत करते. टंकणाऱ्याला थांबावे लागते, वही पुन्हा वाचावी लागते.

मायएसक्यूएलचे उत्तर तिच्या वयावर अवलंबून आहे. २०१५ च्या ५.७ या आवृत्तीपासून तिचा कडक पवित्रा आपोआप चालू असतो आणि तीही ओळ नाकारते. त्याआधी तो मुद्दाम चालू करावा लागे. नसेल तर ती अक्षरांचे शून्य करून ओळ ठेवून घेई आणि एक इशारा देई. हा इशारा मागितला तरच दिसे. जुन्या आज्ञावल्या अडू नयेत म्हणून कडक पवित्रा बंद करून ठेवलेले सर्व्हर आजही आढळतात. तेव्हा मायएसक्यूएल वापरणाऱ्याने पहिल्याच दिवशी आकड्याच्या रकान्यात एक मराठी शब्द घालून पाहावा.

एसक्यूएलाइट तर ‘भरून वाहिले’ ही अक्षरे जशीच्या तशी आकड्याच्या रकान्यात ठेवून देते. तिच्या मते रकान्याचा प्रकार ही सूचना आहे, सक्ती नव्हे. यात एक चांगले आहे की मुलांनी लिहिलेले पुसले जात नाही. पण सरासरी काढायला सांगितली की ती त्या अक्षरांची किंमत शून्य धरते, आणि तेही न बोलता. गंमत म्हणजे ‘सर्वांत मोठी नोंद कोणती?’ असे विचारले तर उत्तर येते, ‘भरून वाहिले’. कारण तिच्या क्रमवारीत कोणतीही अक्षरे कोणत्याही आकड्यापेक्षा मोठी असतात. चुकीच्या वाटेने आलेले बरोबर उत्तर! ज्यांना सक्ती हवी त्यांच्यासाठी नोव्हेंबर २०२१ च्या आवृत्तीपासून ‘स्ट्रिक्ट’ प्रकारचा तक्ता करता येतो. आम्ही तो नेहमी करतो.

या फरकाची किंमत आकड्यांत पाहू. लिहिलेल्या सहा आकड्यांची बेरीज ४७०. शून्य धरून सातांनी भागले तर सरासरी ६७ मिलिमीटर येते. तो दिवस वगळून सहांनी भागले तर ७८. आणि बाटली भरली म्हणजे निदान १५० होता असे धरले तर ६२० भागिले ७, म्हणजे ८९. खरा आकडा याहूनही मोठा. ६७ आणि ८९ यांत तिसऱ्या हिश्श्याचा फरक आहे, आणि तो नेमका पुराच्या आठवड्यात पडतो. कोरड्या आठवड्यात बाटली भरून वाहत नाही, म्हणून ही चूक दोन्ही बाजूंना सारखी पडून मिटून जाण्याची आशा नाही. ती नेहमी पाऊस कमी दाखवते, आणि जितका जास्त पाऊस तितके अधिक.

इथे ‘नल’ ही कल्पना मुलांना समजावून सांगण्यासारखी आहे. नल म्हणजे शून्य नव्हे. नल म्हणजे ठाऊक नाही. पाऊस पडला नाही तर शून्य. मोजलाच नाही तर नल. तिन्ही डेटाबेस सरासरी काढताना नल सोडून देतात. एका वहीत शेरा होता, ‘बाटली माकडाने नेली’. त्या दिवशी नल. ‘भरून वाहिले’ मात्र या दोन्हींत बसत नाही, कारण आपल्याला काहीतरी ठाऊक आहे : दीडशेहून कमी नाही. म्हणून आम्ही मिलिमीटरशेजारी आणखी एक रकाना ठेवतो, ‘निदान’. त्यात हो किंवा नाही. भरून वाहिलेल्या दिवशी १५० आणि ‘हो’. ही जाण कुठलाही डेटाबेस आपल्याला देणार नाही. ती तक्ता आखणाऱ्याकडूनच यायला हवी.

तारखांचेही असेच. ३१ जून ही तारीख पोस्टग्रेस नाकारते. मायएसक्यूएल कडक पवित्र्यात नाकारते. एरवी वर्ष, महिना, दिवस सगळीकडे शून्ये असलेली एक भुताटकीची तारीख करून ठेवते. एसक्यूएलाइटमध्ये तारीख हा प्रकारच नाही, ती अक्षरे म्हणूनच राहते. पण पोस्टग्रेसवरही आंधळा विश्वास नको. ०५-०७ असे लिहिले तर ५ जुलै की ७ मे, हे ती आपल्या मांडणीनुसार ठरवते, आणि ती मांडणी अमेरिकी असू शकते. वर्ष, महिना, दिवस या क्रमाने तारीख लिहिली की हा घोळ राहत नाही.

‘पाऊस शून्याहून कमी असू नये’ अशी अट तक्त्यावर घालता येते. मायएसक्यूएल ही अट बरीच वर्षे वाचून घेत असे, तक्रार करत नसे आणि पाळतही नसे. २०१९ च्या ८.०.१६ या आवृत्तीपासून ती पाळू लागली. न पाळल्या जाणाऱ्या अटीपेक्षा अट नसलेली बरी, असे आमचे मत आहे; निदान आपण सावध तरी राहतो. एसक्यूएलाइट ही अट पाळते, पण दुसऱ्या एका बाबतीत ढिली आहे. मोजणीच्या तक्त्यात असा शाळा-क्रमांक आला, जो शाळांच्या तक्त्यात नाहीच, तर ती आपण होऊन अडवत नाही. हे बंधन दर वेळी फाइल उघडल्यावर चालू करावे लागते.

मराठीचे काय?

तिन्हींत मराठी मजकूर ठेवता येतो. एवढेच नव्हे, तक्त्यांची आणि रकान्यांची नावेही मराठीत ठेवता येतात. पोस्टग्रेसमध्ये नावाला ६३ बाइटची मर्यादा आहे आणि देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, म्हणून काना-मात्रा वेगळे मोजून २१ चिन्हांच्या आत नाव बसवावे. मायएसक्यूएलच्या जुन्या आवृत्त्यांत अक्षरसंच ठरवून दिला नाही तर तो युरोपीय भाषांचा असे आणि मराठी मजकुराच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग उरे. आठव्या आवृत्तीपासून, म्हणजे २०१८ पासून, ही अडचण नव्या डेटाबेसमध्ये येत नाही.

अकारविल्हे लावण्यात मात्र पेच आहे. युनिकोडमध्ये ‘ळ’ हा ‘ल’ आणि ‘व’ यांच्या मध्ये बसवला आहे. एसक्यूएलाइट निव्वळ चिन्हांच्या अंकांवरून क्रम लावते, त्यामुळे ‘कळ’ हा शब्द ‘कवच’च्या आधी येतो. मराठी कोशांत ‘ळ’ची जागा ‘ह’नंतर आहे. पोस्टग्रेसमध्ये भाषा सांगून क्रम मागता येतो. गावांची यादी भिंतीवर लावायची असेल तर याचे महत्त्व. पावसाच्या बेरजेला त्याने काही फरक पडत नाही.

वीज जाते तेव्हा

चंदगडच्या पावसाळ्यात वीज जाणे ही नवलाई नाही. महिन्याच्या एकतीस ओळी टंकून साठवताना सतराव्या ओळीला वीज गेली तर? ‘व्यवहार’ नावाची सोय यासाठी असते. एकतीस ओळी मिळून एक व्यवहार असे सांगितले की त्या सगळ्या जातात किंवा एकही जात नाही. पुन्हा चालू केल्यावर कुठवर आलो होतो ते शोधावे लागत नाही. पोस्टग्रेसमध्ये आणि एसक्यूएलाइटमध्ये हे भक्कम आहे. मायएसक्यूएलच्या जुन्या साठवण-पद्धतीत ही सोय नव्हती. २०१० च्या ५.५ या आवृत्तीपासून व्यवहार पाळणारी ‘इनोडीबी’ पद्धत मूळचीच झाली. जुन्या संगणकावर जुनी प्रत चालू असेल तर तेवढे तपासून घ्यावे.

कठीण प्रश्न

आता ज्यासाठी माहिती गोळा केली त्याकडे वळू. कोवाडला उपयोगी पडेल असा प्रश्न असा : पश्चिमेच्या प्रत्येक शाळेत, दर दिवशी, त्या दिवसासह मागच्या तीन दिवसांचा मिळून पाऊस किती? दररोजच्या ओळीवर उभे राहून मागच्या दोन ओळींत डोकवायचे, असे हे काम. यासाठी एसक्यूएलमध्ये ‘विंडो’ म्हणजे खिडकी नावाची सोय आहे. तीन ओळींएवढी खिडकी यादीवरून खाली सरकत जाते आणि प्रत्येक जागी बेरीज देते. पोस्टग्रेसमध्ये ती २००९ पासून आहे. मारियाडीबीत २०१७ मध्ये, मायएसक्यूएल आणि एसक्यूएलाइटमध्ये २०१८ मध्ये आली. म्हणजे आज या बाबतीत तिघी बरोबरीच्या आहेत. एक काळजी तेवढी घ्यावी. खिडकी ओळी मोजते, दिवस नव्हे. मधल्या दिवसाची ओळच नसेल तर तीन ओळींत चार दिवस येतील. म्हणून न मोजलेल्या दिवसाचीही नल असलेली ओळ हवी.

रविवारी शाळा बंद असते. मग सोमवारी मोजलेला पाऊस दोन दिवसांचा असतो. जोडून सुट्टी आली तर तीन दिवसांचा. याकरिता मोजणीला एक तारीख न देता ‘इथपासून इथपर्यंत’ असा कालखंड द्यावा हे उत्तम. कालखंड हा मूल्याचा स्वतंत्र प्रकार म्हणून पोस्टग्रेसमध्ये २०१२ पासून आहे, आणि ‘एकाच शाळेच्या दोन मोजण्यांचे कालखंड एकमेकांवर चढू नयेत’ अशी अट तिथे तक्त्यावरच घालता येते. त्यासाठी एक जोड-आज्ञावली चालू करावी लागते, पण ती पोस्टग्रेसबरोबरच मिळते. शिपायाने रविवारी मोजून लिहिले आणि सोमवारी मुलांनी पुन्हा शनिवारपासूनचा पाऊस लिहिला, तर दुसरी ओळ अडवली जाते. एसक्यूएलाइटमध्ये आणि मूळ मायएसक्यूएलमध्ये अशी अट एका वाक्यात घालता येत नाही. त्यासाठी वेगळी आज्ञावली लिहावी लागते आणि ती लिहिणारा बदली होऊन गेला की कुणाला ती कळत नाही.

जागेचे प्रश्नही आहेत. ताम्रपर्णीच्या पाणलोटात पडणाऱ्या शाळा कोणत्या, घटप्रभेच्या कोणत्या? पोस्टग्रेसला २००१ मध्ये आलेली ‘पोस्टजीआयएस’ ही जोड दिली की नकाशावरचे बिंदू, रेषा, क्षेत्रे ही मूल्ये म्हणून ठेवता येतात आणि ‘आत आहे का’, ‘किती दूर आहे’ असे प्रश्न थेट विचारता येतात. ओपनस्ट्रीटमॅप हा जगाचा मुक्त नकाशा पोस्टग्रेसमध्येच साठवलेला आहे. चंदगडच्या वाटाही त्यात आल्या. मायएसक्यूएल आणि एसक्यूएलाइट यांनाही नकाशाच्या सोयी आहेत, पण पोस्टजीआयएसची खोली त्यांत नाही. ढोलगरवाडीची शाळा सर्पशाळेसाठी वर्षानुवर्षे ओळखली गेली. साप कुठे आढळला आणि कुठे सोडला अशा नोंदी ठेवणाऱ्या कुणालाही हीच सोय लागेल.

मग घ्यावे काय? एका शाळेने, एका संगणकावर, एसक्यूएलाइटने सुरुवात करावी. स्ट्रिक्ट तक्ते, दुव्यांचे बंधन चालू, तारखा वर्षापासून. पन्नास वर्षांच्या दैनिक नोंदी म्हणजे सुमारे अठरा हजार ओळी, तिला त्या काहीच नाहीत. तिची मर्यादा वेगळी आहे. एका वेळी एकच हात तिच्यात लिहू शकतो आणि फाइल एका जागी असावी लागते. दहा गावांतून दहा शाळा थेट नोंद करू लागल्या की सर्व्हर हवा, आणि तेव्हा आमची पसंती पोस्टग्रेसला आहे. मायएसक्यूएल चांगली नाही असे नव्हे. ज्या महाविद्यालयात ती जाणणारा माणूस बसला आहे आणि आवृत्ती नवी आहे, तिथे तीच घ्यावी. मदत करणारा माणूस ही कोणत्याही आज्ञावलीतली सर्वांत मोठी सोय आहे. पण तसा कुणी नसेल तर पोस्टग्रेसचा पहिला तास सोसावा. तो तास बहुधा एकदाच सोसावा लागतो, आणि वहीतले शब्द तिथे शून्य होत नाहीत.

जुन्या वह्या पोस्टग्रेसमध्ये भरताना एक युक्ती लागते. फाइलमधून एकदम भरायला गेले तर पहिल्या खटकणाऱ्या ओळीला ती सगळेच थांबवते आणि एकही ओळ आत जात नाही. म्हणून आधी सगळे रकाने अक्षरांचे असलेला एक कच्चा तक्ता करावा आणि त्यात वही जशीच्या तशी ओतावी. मग ‘मिलिमीटरच्या रकान्यात आकडा नसलेल्या ओळी दाखव’ असे विचारावे. जी यादी येते ती घेऊन शाळेत जावे आणि मुलांबरोबर एकेका शेऱ्याचा निकाल लावावा. ‘सुट्टी’ म्हणजे नल. ‘माकडाने नेली’ म्हणजे नल. ‘भरून वाहिले’ म्हणजे निदान दीडशे. ‘नाही’ याचा अर्थ पाऊस नाही की नोंद नाही, हे ज्याने लिहिले त्यालाच विचारावे लागते. ‘थोडा’ हा शेरा सर्वांत अवघड. हवामानखात्याच्या नोंदींत मोजता न येण्याइतक्या पावसासाठी वेगळी खूण असते. आमच्या तक्त्यात तिच्यासाठी आणखी एक रकाना घालावा की शून्यच लिहावे, यावर शाळांचे अजून एकमत झालेले नाही.